डावा खांदा अर्धा इंच खाली

मी रडायचे ती ट्रायल रूममध्ये. दर मंगळवारी, दुपारी तीनला. त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसतं आणि मालकीणबाई वरच्या मजल्यावर आडव्या झालेल्या असतात. पडदा ओढायचा, स्टुलावर बसायचं, फोन रिबिनीनं खुंटीला बांधायचा आणि कानात ते इअरफोनचे गोळे घालायचे. समोर आरसा, डावीकडे आरसा, उजवीकडे आरसा. माणसाला आपलं रडणं एका बाजूनं बघवत नाही, मला तीन बाजूंनी बघावं लागायचं. चारला कुणीतरी पँट आखूड करायला येणारच, म्हणून पावणेचारला तोंडावर पाणी मारायचं आणि टेप गळ्यात घालून बाहेर यायचं.

फोनमध्ये मॅडम असायच्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. मागे निळी भिंत आणि कुंडीतलं एक झाड. अकरा आठवड्यांत त्या झाडाला एक पान फुटलं नाही की एक पिवळं पडलं नाही, म्हणजे खोटंच असणार. मॅडम मात्र खऱ्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी काहीही सांगितलं की त्या जरा थांबायच्या आणि विचारायच्या, "आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" पहिल्या मंगळवारी मी म्हटलं, "काय वाटणार? डोकं फिरलं." त्यांनी ते लिहून घेतलं.

हे सुरू झालं ते माझ्या छातीतल्या धडधडीमुळे. बावीस वर्षं मी कपडे आल्टर करते. दुकानाच्या मागच्या खोलीत माझं मशीन, शेजारी इस्त्रीवाले काका. बावीस वर्षांत माझी टीप कधी वाकडी गेली नाही. एक दिवस हात असे कापायला लागले की एका नवऱ्यामुलाच्या पँटची टीप सापासारखी गेली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे. मी म्हटलं, मग ते घोड्यासारखं पळतंय का? ते म्हणाले, काळजी करता, कुणाशी तरी बोला. दुकानाच्या विम्यात फोनवरच्या समुपदेशनाच्या बारा बैठका बसत होत्या. इस्त्रीवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं होईल. तुम्ही बोलता कुठे, तुम्ही ओरडता."

काळजी पोरीची होती. दुसरी कसली असणार? नवरा थंड गोदामात रात्रपाळीला, तो सकाळी येऊन बर्फाच्या लादीसारखा पडतो, त्याची काय काळजी करायची. पोर पंधरा वर्षांची. लहानपणी घरातलं सगळं ओढून आपल्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची म्हणून तिचं नाव पडलं मुंगी, आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

मुंगीला एकच मैत्रीण होती, आमच्या खालच्या घरातली. गेल्या वर्षी ते लोक सामानसुमान घेऊन दुसऱ्या गावी गेले. त्यानंतर पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं. तीन आठवडे शाळेचे बूट घालून, दप्तर पाठीला लावून बाथरूमच्या दारात बसून राहायची, शाळेत जायची नाही. मी ओरडले, रडले, हात जोडले. मग एक दिवस आपणहून उठली आणि जायला लागली. पण एकटी जायची, एकटी यायची. सव्वादोनला घरी, खोलीचं दार बंद. वर्गाच्या बाईंना भेटायला गेले तर बाई म्हणाल्या, "अहो, तिचा काहीच त्रास नाही. ती वर्गात आहे हेसुद्धा कळत नाही." त्यांनी कौतुकानं सांगितलं.

माझं मागणं मोठं नव्हतं. पहिला नंबर नको, बक्षिसं नकोत. पोरीला एक माणूस मिळू दे, एवढंच. मधल्या सुट्टीत शेजारी बसायला एक माणूस.

बैठकांचा फॉर्म अर्थातच मुंगीनं भरला. आमच्या घरात फॉर्म तीच भरते. बापाच्या रजेचा, विजेचा, माझ्या डोळ्यांच्या तपासणीचा. अकरा वर्षांची असताना तिनं घरासाठी एक मेल उघडून ठेवला, सगळीकडे तोच देते. आम्ही दोघं त्याला कधी हात लावत नाही, काही महत्त्वाचं असलं तर ती सांगते. तर त्या संध्याकाळी मी घरी डमीवर झगा चढवून गुडघ्यावर बसले होते, तोंडात टाचण्या, खालची दुमड सारखी करत होते. ती पलंगावर बसून एकेक प्रश्न वाचून दाखवत होती. झोप किती, भूक कशी. मी हूं हूं करत होते.

"ताणाचं मुख्य कारण," ती म्हणाली. "यात नोकरी आहे, आजार आहे, लग्न आहे. आणि इतर आहे. इतर केलं तर लिहावं लागतं."

"इतर कर," मी टाचण्यांमधून म्हटलं. "आणि लिही, तू. दुसरं कोण आहे माझ्या जिवाला घोर लावायला?"

गमतीत म्हटलं. आमच्याकडे असंच बोलतात. माझी आई मला दिवसातून चारदा म्हणायची, तू माझा जीव घेणार. मी काही तिचा जीव घेतला नाही. मुंगीनं टाइप केलं, पुढचा प्रश्न वाचला. ती हसली असं मला वाटतं, पण मी दुमडीकडे बघत होते.

दुसऱ्या मंगळवारी मी मॅडमना सांगितलं की पोर खोलीतून बाहेर येत नाही, दार बघून बघून मला धाप लागते. आणि गंमत बघा, त्याच शुक्रवारी मुंगी दप्तर घेऊन बाहेर आली आणि माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसून गणितं सोडवायला लागली. मी श्वास रोखून शिवत होते. तिसऱ्या मंगळवारी सांगितलं की तिचं हसणं ऐकून वर्ष झालं. दोन दिवसांनी जेवताना तिनं शाळेतल्या शिपायाचा किस्सा सांगितला, आणि स्वतःच खळखळून हसली. तिच्या बापानं घास तसाच हातात धरला. नंतर मला हळूच म्हणाला, "तुझ्या फोनवरच्या बाईनं जादू केली गं."

मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आई शांत झाली की मुलं ते बरोबर टिपतात. मला पटलं. म्हणजे मी इतकी वर्षं उगाच ओरडत होते, नुसतं मॅडमनी शिकवल्यासारखा चार आकडे मोजून श्वास घ्यायचा होता. मी बसमध्ये श्वास घ्यायचे, जिन्यावर श्वास घ्यायचे. इस्त्रीवाले काका म्हणाले, तुमच्यापेक्षा माझी इस्त्री कमी वाफ सोडते.

आणि दर मंगळवारी संध्याकाळी मुंगी विचारायची, "आई, किती मंगळवार राहिले?"

"नऊ," मी सांगायचे. मग "आठ." ती मान हलवायची. मला वाटायचं, बघा, पोरीला किती आस्था.

चौथ्या मंगळवारचं सांगायला नको वाटतं, पण सांगते. सकाळपासून सगळं उलटं चाललं होतं. मालकीणबाई बोलल्या, सुई तुटून बोटात गेली, नवऱ्याशी वाजलं. मॅडमनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कधीकधी वाटतं, मूल झालंच नसतं तर बरं झालं असतं. मी जरा सुखानं जगले असते." तिन्ही आरशांतल्या बायकांनी ते ऐकलं. मी तोंडावर हात ठेवला. मॅडम म्हणाल्या, इथे सगळं बोलायला मोकळीक आहे, भावना म्हणजे गुन्हा नाही. मी पोटभर रडले.

त्या संध्याकाळी घरी गेले तर भांडी घासलेली, कपडे घड्या घालून ठेवलेले. मुंगीनं मला खुर्चीत बसवलं, पाठीला गरम पाण्याची पिशवी लावली आणि म्हणाली, "आई, तू बस. मी बघते." मी डोळे मिटले. मनातलं बोललं की हलकं वाटतं म्हणतात ते खोटं नाही, असं तेव्हा मला वाटलं. हे वाटलं याची मला आता लाज वाटते.

सहाव्या मंगळवारी मी मैत्रिणीचं बोलले. पोरीला कुणी फोन करत नाही, कुणी बोलवत नाही, माझ्यामागे हिचं कसं होणार. शनिवारी मुंगी केस विंचरून समोर उभी. "आई, मी वर्गातल्या एकीकडे जाऊ? सहापर्यंत येते."

जाऊ काय विचारतेस, मी म्हटलं. तिनं मैत्रिणीचं नाव सांगितलं. छान नाव होतं. ते मी आता उच्चारत नाही.

मग दर शनिवारी तीन ते सहा. आल्यावर गोष्टी सांगायची. मैत्रिणीकडे एक आंधळी मांजर आहे. दिसत नाही, पण कपाटावरून उडी मारते ती बरोबर मैत्रिणीच्या मांडीवर. मैत्रिणीला भूगोल आवडतो. मैत्रीण शिंकली की लागोपाठ पाच वेळा शिंकते. मी त्या मांजरीची रात्री नवऱ्याला गोष्ट सांगायचे, तो कामावर निघायच्या गडबडीत, तरी थांबून ऐकायचा. धडधड थांबली. टीप सरळ यायला लागली. घरी बोलाव तिला म्हटलं तर त्यांच्याकडे रंगकाम चाललं होतं, मग तिला ताप होता, मग तिच्या आईला आवडत नव्हतं. असतात काही आया तशा.

घरी येत नाही तर नको, पण मी आपल्या हातानं तिला काहीतरी शिवून देणार, हे मी ठरवलं. दुकानात निळ्या कॉर्डरॉयचा एक चांगला तुकडा उरला होता. त्याचं जाकीट झालं असतं. मुंगी नको म्हणाली. तीनदा नको म्हणाली. पण मी एकदा मनात घेतलं की घेतलं. "मापं आण," म्हटलं. "तुला माप घ्यायला शिकवलंय ना?"

आठवड्यानं तिनं कागद आणला. तिचं ठसठशीत अक्षर, छाती, कंबर, पाठ, बाही, खांदा उजवा, खांदा डावा. आमच्या घरची ही रीत आहे. शिकाऊ लोक एक खांदा मोजतात आणि दुसरा तसाच धरतात. मी मुंगीला आठ वर्षांची असताना शिकवलं होतं, दोन खांदे वेगवेगळे मोजायचे, कुठल्याच माणसाचे दोन्ही सारखे नसतात. आणि दुसरं शिकवलं होतं की माप मनानं लिहायचं नाही. मनानं लिहिलं की कापड वाया जातं.

सोमवारी मी कापड बेतलं, अस्तर लावलं, कच्ची टीप घालून डमीवर चढवलं. डावा खांदा अर्धा इंच खाली आला. कागद पाहिला, बरोबरच होतं, मापच तसं होतं. हसू आलं. आमच्या मुंगीचाही डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. पाच वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं, ते जरा खाली बसलं. म्हटलं, दोघी चांगल्या भेटल्या.

मग हात आपोआप मापाच्या वहीकडे गेला. शाळा सुरू होताना तिचा गणवेश शिवला होता, ते पान काढलं. पाठ तीच. कंबर तीच. छाती तीच, बाही पाव इंचानं वाढलेली, एवढ्या महिन्यांत वाढायचीच. मी दोन कागद शेजारी ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. इस्त्रीवाले काका म्हणाले, "काय, माप चुकलं का?" मी म्हटलं, "नाही. माप बरोबर आहे."

स्वतःचं माप स्वतः घेणं महाकठीण असतं. पाठीचं तर विचारूच नका. टेपचं एक टोक दातात धरावं लागतं, दुसरं हातानं मागून ओढावं लागतं, आरशात उलटं वाचावं लागतं. हवेतले आकडे लिहिले असते तर कुणाला कळणार होतं? मला कळलं नसतं. पण तिला मी शिकवलं होतं, मनानं लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दहावा मंगळवार. मी स्टुलावर बसले, आणि मॅडम काही बोलायच्या आत विचारलं, "मी इथे बोलते ते तुम्ही कुणाला सांगता का?"

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "सगळं गोपनीय असतं. फक्त प्रत्येक बैठकीनंतर पाच वाजता तुम्हाला सारांश जातो. तुमच्या मेलवर."

"माझा मेल कुठला?"

त्यांनी वाचून दाखवला. मुंगीचं वारूळ, आणि पुढे तीन आकडे.

माझ्या कानात नुसतं वाजायला लागलं. मॅडमना काही कळेना. "तुम्हाला मिळत नव्हते का सारांश? उघडलेले तर दिसतायत. सगळेच. पाठवल्यापासून पाच-दहा मिनिटांत."

मी म्हटलं, वाचा. त्या म्हणाल्या, कुठला? मी म्हटलं, सगळे. आणि त्यांनी वाचले. दुसरा: मुलगी खोलीतून बाहेर न येण्यामुळे अस्वस्थता. तिसरा: मुलगी हसत नसल्याबद्दल दुःख. चौथा वाचताना त्यांचा आवाज खाली आला. मूल होण्याच्या निर्णयाबद्दल पश्चात्ताप. सहावा: मुलीला मैत्रीण नसल्याची तीव्र चिंता. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकच ओळ. ताणाचं मुख्य कारण: मुलगी.

"ती पहिली ओळ कुणी लिहिली?" मी विचारलं, आणि विचारता विचारता मला टाचण्यांची चव जिभेवर आली.

म्हणजे चौथ्या मंगळवारी पाचला तिनं ते वाचलं, आणि सहाला भांडी घासून ठेवली. साडेसहाला माझ्या पाठीला पिशवी लावली. पंधरा वर्षांच्या पोरीनं. मी इथे बसून पाढा वाचत होते आणि ती तिकडे एकेक काम उरकत होती. बाहेर येऊन बसायचं, हसायचं, मैत्रीण करायची. आंधळी मांजर तिनं स्वतःहून घातली, ते माझ्या यादीत नव्हतं.

मॅडम घाबरल्या होत्या. माफी मागत होत्या, मेल लगेच बदलू म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी तिलाही घेऊन बसा, दोघींशी बोलू, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. मेल राहू द्या म्हटलं. अचानक सारांश थांबले तर तिला कळणार, आपण पकडलो गेलो.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "मंगळवारी तूही बस ना माझ्याबरोबर."

ती जागच्या जागी थांबली. "मी? का? मी आता ठीक आहे ना?"

ती मला सांगत नव्हती, ती मला विचारत होती. परीक्षेचा निकाल विचारावा तसं. तिच्या तोंडावर जी भीती होती ती मी आयुष्यात विसरणार नाही. मी काय म्हणणार होते? नाही, तू ठीक नाहीस? तुझी मैत्रीण खोटी आहे, मला सगळं माहीत आहे? तिनं दोन-अडीच महिने राबून माझ्यासाठी जे उभं केलं ते मी एका वाक्यात उसवायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"हो," मी म्हटलं. "तू ठीक आहेस."

अकराव्या मंगळवारी मी मॅडमना म्हटलं, सारांशात मी सांगते ते जसंच्या तसं लिहा. ती वाचतेच आहे तर माझं खरं तरी वाचू दे. आणि मी सांगायला लागले. मुंगी, मैत्रीण नसली तरी चालतं. तू खोलीत बसलीस तरी चालतं. ते चौथ्या मंगळवारचं वाक्य माझं नव्हतं, ते त्या दिवसाचं होतं. तू झालीस तेव्हा मी तुझी मापं घेतली होती, टेपनं, पहिल्याच दिवशी, नर्स हसत होती. मला तू हवीस. असंच कायकाय, वीस मिनिटं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग त्या म्हणाल्या की सारांशाला साचा असतो. ठरावीक रकाने, ठरावीक शब्द. तिच्या नावे निरोप त्या लिहू शकत नाहीत, ती त्यांच्याकडे येत नाही, आणि ती लहान आहे, पालकांच्या संमतीचा फॉर्म लागतो.

"पालक मीच आहे."

"हो, पण फॉर्म भरावा लागेल."

"फॉर्म तीच भरते हो आमच्याकडे," मी म्हटलं.

त्यांनी जे बसवता आलं ते बसवून मला वाचून दाखवलं. क्लायंट मुलीबद्दल सकारात्मक भावना व्यक्त करतात. प्रगती चांगली. वर तीच ओळ होती. ताणाचं मुख्य कारण: मुलगी. "ती तरी काढा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ती पहिल्या फॉर्मवरून आपोआप येते, बारा बैठका संपेपर्यंत बदलत नाही, त्या तक्रार टाकतील, सात ते दहा दिवस लागतील. मग त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही तिला घरी सांगायला हवं. स्वतः. तोंडानं."

मॅडमचं काही चुकत नव्हतं. मला काय ते कळत नव्हतं? पण बुधवारी तोंड उघडलं तर "दूध आणलंस का" एवढंच निघालं. गुरुवारी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि पडदा सारखा करून परत आले. आमच्या घरात जीव टांगणीला लागला की ओरडायची पद्धत आहे, प्रेम करायची वाक्यं आमच्या तोंडात बसलेलीच नाहीत. ट्रायल रूममध्ये खुंटीला टांगलेल्या फोनसमोर मी वीस मिनिटं बोलले, आणि पोटच्या पोरीसमोर वीस शब्द जमेनात.

शनिवारी जाकीट तयार होतं. काजं हातानं केली होती. मी ते कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "बसतं का बघायला सांग," म्हटलं. ती म्हणाली, "हो, आई." आणि निघाली.

मी मागून गेले. कधी नव्हे ती चोरासारखी भिंतीच्या कडेनं. ती वाचनालयापर्यंत गेली, आत गेली नाही, समोरच्या बाकावर बसली. मी पलीकडे बसथांब्याच्या मागे. बराच वेळ तिनं पुडकं मांडीवर ठेवलं होतं. मग उघडलं, कॉलरवरून हात फिरवला आणि जाकीट अंगात घातलं. लांबून पाहिलं तरी मला कळलं, कुठे सुरकुती नव्हती, कुठे ओढ नव्हती. बावीस वर्षांत इतकं मापात बसलेलं मी काही शिवलं नसेल. ती ते घालून बसली, हात खिशात घालून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत. तिच्या वयाच्या तीन मुली हसत गेल्या तेव्हा तिनं पाय आत घेतले, त्यांना वाट द्यायला. मधूनमधून घड्याळ बघत होती. सहा वाजायला तास होता.

रस्ता ओलांडायला वीस पावलं. मी मोजली. जाऊन शेजारी बसायचं होतं, एवढंच होतं. पण मी गेले तर तिच्यापाशी मांजर उरणार नव्हती, मैत्रीण उरणार नव्हती, आणि माझ्याजवळ तिच्या हातात द्यायला दुसरं काय होतं? छातीत तीच जुनी धडधड. श्वास घेतला, चार आकडे मोजले, परत चार मोजले. मग मी वळले आणि तिच्या आधी घरी पोचायला हवं म्हणून जवळजवळ पळत सुटले.

सहाला ती आली. हात रिकामे. जाकीट कुठे ठेवलं ते मला अजून माहीत नाही.

"बसलं का?" मी विचारलं.

"अगदी मापात. तिला खूप आवडलं."

"आणि डावा खांदा?" हे मी मुद्दाम विचारलं. दार किलकिलं करून ठेवावं तसं. म्हटलं, हिला यायचं असेल तर येईल.

ती माझ्याकडे बघत राहिली. एक क्षण मला वाटलं, आता सांगते. मग ती हसली. "तिचापण थोडा खाली आहे. माझ्यासारखाच. आम्ही हसलो त्यावर."

"हो का," मी म्हटलं.

तिनं बूट काढले, जागेवर ठेवले, आणि पाठमोरीच असताना विचारलं, "आई, मंगळवारी शेवटचं ना?"

"हो. शेवटचं."

"मग झालं?"

"मग झालं."

तिनं श्वास सोडला. इतका लांब की मला ऐकू आला. तिचे दोन्ही खांदे खाली आले, डावा नेहमीसारखा जरा जास्त. मग ती हात धुऊन आली, माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसली आणि आंधळ्या मांजरीनं आज काय केलं ते सांगायला लागली. मी शिवण बाजूला ठेवून ऐकलं. जिथे हसायचं होतं तिथे मी बरोबर हसले.